टीव्हीची बारी

परवा सूनबाई आतल्या खोलीतून ओरडली, "आई, तुमचा टीव्ही जरा बंद करा ना! माझी मीटिंग अडकतेय!"

आता हिची मीटिंग हिच्या लॅपटॉपवर, माझं भजन माझ्या टीव्हीवर, मधे भक्कम भिंत. माझ्या भजनाने हिची मीटिंग अडकायचं कारण काय? तर म्हणे घरात वाय-फाय एकच, सगळ्यांनी एकदम वापरलं की नेटचा जोर कमी पडतो आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला थोडं थोडं येतं. मी टीव्ही बंद केला आणि अशी हसत सुटले की ती मीटिंग सोडून बाहेर धावत आली. सासूला काहीतरी झालं असं वाटलं बिचारीला.

"काही नाही गं," मी पदराने डोळे पुसत म्हटलं, "तुझे आजेसासरे बरोबर होते. फक्त जरा लवकर बरोबर होते."

तिला काही कळलं नाही. मग तिची मीटिंग संपल्यावर चहा घेऊन बसलो आणि मी तिला आबांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते आहे. लिहिताना माझी मराठी शाळेची होते, त्याला इलाज नाही. आमच्या घरात गुजरी आणि अहिराणी यांची खिचडी चालायची. मराठी मास्तरांसमोर आणि साहेबांसमोर.

आमचं गाव तापीच्या काठावर, प्रकाशा या तीर्थाच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. केळी, ऊस, कापूस. नदी उशाला असली तरी पाणी काही आपोआप शेतात चढत नाही. नदीतून पंपाने पाणी उचलायचं, टेकाडावरच्या हौदात सोडायचं, तिथून पाटाने खाली. या उपसा योजनेची गावाची सोसायटी होती आणि माझे वडील, म्हणजे आबा, त्या सोसायटीचे चेअरमन. नदीचं पाणी सरकारचं, त्यामुळे उचलायला सरकारी परवाना लागायचा. परवान्यातलं पाणी सगळ्यांना पुरावं म्हणून बारी. आज वरल्या आळीच्या शेतांना पाणी, उद्या खालल्या आळीला. बारी नसली तर काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक: पाटाच्या तोंडाशी बसलेले पोटभर पितात आणि शेपटाकडच्याच्या वाट्याला चिखल येतो. आमचं घर, आमची शेती, दोन्ही खालल्या आळीत. म्हणजे शेपटाला.

बारीचा कायदा आबांना जिवापेक्षा प्यारा. बारी मोडायची नाही. कोणाला अडचण असेल तर अदलाबदल करता येते, पण त्याने पारावर सगळ्यांसमोर उभं राहून मागायची आणि कारण सांगायचं. कानात कुजबुजून काही मिळायचं नाही. आणि घेतलेली बारी फेडायचीच. सख्ख्या साडूला त्यांनी भर उन्हाळ्यात पारावर उभं केलं होतं. मावशी पुढे वर्षभर आमच्याकडे आली नाही. आबांना काही फरक पडला नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असा माणूस.

अशा गावात टीव्ही आला.

तालुक्याच्या गावाबाहेर सरकारने टॉवर उभा केला. दिल्लीचं आणि संध्याकाळी मुंबईचं जे येईल ते झेलायचं आणि आसपासच्या गावांवर सोडायचं, एवढंच त्याचं काम. गावात पहिला टीव्ही वरल्या आळीतल्या काकांनी आणला. हे आबांचे चुलतभाऊ, आणि दोघांचं जन्मापासून वाकडं. मग आबा मागे राहतात होय? केळी विकली आणि आमच्याकडेही आला. लाकडी पेटीतला, काळापांढरा, पुढे सरकती दारं. आबांनी आधी पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढला आणि मगच खोका फोडला. हो, तेव्हा टीव्हीला परवाना लागायचा, रेडिओला लागायचा तसा. सून म्हणाली, "टीव्ही बघायला लायसन?" मी म्हटलं, बाई, तुमच्या मोबाईलला नुसता अंगठा पुरतो म्हणून चैन चालली आहे.

आबांना परवान्याचं अजिबात ओझं नव्हतं, उलट आवडायचा. "हवा सरकारनी शे," म्हणायचे, "मंग सरकारना परवाना लागाले नको?" नदीतून पाणी उचलायला परवाना, हवेतून चित्र उचलायला परवाना. त्यांच्या डोक्यात दोन्ही एकाच खणात होतं. पुढची सगळी भानगड तिथूनच झाली.

कारण थोड्याच दिवसांत सरकारने टीव्हीचा परवानाच काढून टाकला. आबा पोस्टात गेले ते हात हलवत परत आले. चेहरा असा, जणू घरात कोणी गेलं. "आते कोनीबी उठी नि हवामा पाईप खुपसी," म्हणाले. आणि झालंही तसंच. वरल्या आळीत घरोघर टीव्ही आले. ज्याच्या त्याच्या छपरावर स्प्रिंकलरचा पाईप उभा, पाईपाच्या टोकाला अँटेना आणि अँटेनाला बूस्टर. बूस्टर म्हणजे चित्राचा जोर वाढवणारी डबी. शहाद्याच्या एका दुकानात जुळवून मिळायची. जसजसे वर बूस्टर वाढले, तसतसं आमच्या टीव्हीतलं चित्र विरत गेलं आणि मुंग्या वाढत गेल्या. बातम्या देणारी बाई मुंग्यांच्या वारुळातून बोलल्यासारखी दिसायची.

आबांनी एक दिवस छपरावर चढून वरल्या आळीकडे पाहिलं. पाईपांचं जंगल. खाली उतरले आणि निकाल दिला: वरचे चित्र ओढून घेतात, खाली काही उरत नाही. टॉवरवरून ठरलेलंच सुटतं, तोंडाशी बसलेले पोटभर पितात, शेपटाला चिखल.

मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते. मला लाज वाटली. "आबा, ते पाणी नाही, लहरी आहेत. बघितल्याने संपत नाहीत."

"तू लहरी दख्या का?"

नाही पाहिल्या बुवा.

आबा खालल्या आळीतली पाच-सहा टाळकी घेऊन टॉवरवर गेले. मला बरोबर नेलं, कारण साहेबांशी मराठी बोलायला कॉलेजवाली हवी. टॉवरवरचे साहेब मोठे सज्जन. चहा दिला. आबा म्हणाले, "साहेब, थोडं जास्त सोडा. आमच्यापर्यंत येईस्तोवर आटतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"जास्त सोडता येत नाही हो मला," ते म्हणाले. "किती जोराने सोडायचं, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, सगळं दिल्लीत ठरतं. मी आपला कळ दाबणारा."

"म्हणजे कोटा आहे," आबा समाधानाने म्हणाले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना लगेच पटलं. "मग बारी लावा ना."

साहेब हसले. पण माणूस चांगला, दुसऱ्याच आठवड्यात मीटरची पेटी घेऊन स्वतः गावात आला. आमच्या छपरावर चढला, अँटेना फिरवली, मीटर पाहिलं. चित्र कधी संपत नाही, कितीही जणांनी पाहिलं तरी तेवढंच राहतं, हे त्याने आबांना परोपरीने समजावलं. गाढवापुढे गीता म्हणणार होते, पण बाप आहे माझा. मग साहेब म्हणाले, बघाच, वरच्या आळीतले सगळे बूस्टर बंद करायला सांगतो, तुमच्या चित्रात काडीचा फरक पडणार नाही.

वरल्या आळीतले बूस्टर बंद झाले. आणि आमच्या टीव्हीत चित्र आलं. स्वच्छ! बाईच्या कानातले डूल दिसले!

आबांनी नुसतं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पुन्हा बूस्टर सुरू, पुन्हा मुंग्या. तासभर त्यांनी वरखाली केलं आणि मग त्यांना उलगडलं. त्या दुकानातले बूस्टर कच्चे होते. जोर वाढवता वाढवता ते स्वतःच ओरडायला लागायचे, म्हणजे स्वतःच हवेत खरखर सोडायचे, आणि ती खरखर आमच्या अँटेनात शिरायची. "वरचे तुमचं चित्र ओढत नाहीयेत, आबा," साहेब म्हणाले, "ते त्यांची घाण इकडे ढकलताहेत."

"ओढलं काय आन् ढकललं काय, खालच्याला मुंग्याच ना!"

साहेबांनी मीटरची पेटी बंद केली. आणि जाता जाता ते बोलून गेले की विनापरवाना हवेत काही सोडणं हा कायद्याने गुन्हा आहे. झालं! वरल्या आळीची बोबडी वळली. आबांची छाती अंगरख्यात मावेना. त्याच आठवड्यात पारावर बैठक झाली आणि टीव्हीला बारी लागली. एक दिवस वरल्या आळीचे बूस्टर चालू, एक दिवस बंद. नियम पाण्याचेच: मोडायची नाही, अदलाबदल हवी तर पारावर कारण सांगून, घेतली तर फेडायची. पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी होता, तोच संध्याकाळी आळीतून ओरडत जायचा, "वरली आळी, बूस्टर बंद करा व्होऽ!" आख्ख्या जिल्ह्यात असं दुसरं गाव नसेल. आम्ही मात्र सुखात होतो. एक दिवस आम्ही पाहायचो आणि एक दिवस गप्पा मारायचो, खरं सांगते, तेही वाईट नव्हतं.

आता फुईचं सांगते.

फुई म्हणजे आबांची धाकटी बहीण, माझी आत्या. नर्सिंग शिकायला मुंबईला गेली आणि तिथल्याच एका परजातीच्या कंपाउंडरशी लग्न करून मोकळी झाली. दोघं पाया पडायला आली तेव्हा आबा दारात आडवे उभे राहिले. "या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही," म्हणाले. ती उंबऱ्याबाहेरूनच परत फिरली. मी तेव्हा लहान. मला आठवतो तो तिचा डावा हात, दाराच्या चौकटीला धरलेला, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. त्या करंगळीचं कारण मायने, म्हणजे माझ्या आईने, मला नंतर सांगितलं. लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडली होती. रहाट ओढणारे आबाच. रडणाऱ्या बहिणीला खांद्यावर टाकून ते प्रकाशापर्यंत पळत गेले होते हाड बसवून घ्यायला. हाड बसलं, पण वाकडं.

त्या दिवसानंतर घरात फुईचं नाव निघालं नाही. आबा कोणी विचारलं तर सांगायचे, मी एकटाच. बहिणीचा आकडाच नाही.

आणि एक दिवस माझा मामा मुंबईहून आला आणि चुलीपाशी बसून मायच्या कानात म्हणाला, "तुझी नणंद टीव्हीवर येणार आहे. संध्याकाळच्या बायकांच्या कार्यक्रमात. बिबडे करून दाखवणार आहे." बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. वार सांगितला. मायने बोटांवर हिशोब केला आणि तिचा चेहराच पडला. बारी वरल्या आळीची होती.

माय कधी आबांपुढे बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "बारी बदली घ्या ना. एकच दिन."

आबांना सगळं कळलं होतं, मामाची कुजबुज ओट्यापर्यंत ऐकू जायची. ते जेवत राहिले. मग म्हणाले, "पारवर काय कारन सांगू?"

बस. तिथेच अडलं. कारण सांगायचं म्हणजे सगळ्या गावासमोर, त्या वाकड्या चुलतभावासमोर तोंडाने म्हणायचं, माझी बहीण येणार आहे. नसलेली बहीण कुठून आणायची? आणि कारण न सांगता बारी मागायची, तर साडूला पारावर उभं केलेला माणूस कुठल्या तोंडाने मागणार! स्वतःच्याच कायद्यात आमचे आबा असे अडकले, पाचरीत शेपूट अडकावं तसे. मला इतका राग आला त्यांचा. आणि इतकी दया.

मी म्हटलं, "आपण वरच्या काकांकडे जाऊन पाहू."

"तुम्ही जा. माले काम शे."

माय गेली नाही. ते पाहणार नसतील तर मीही नाही, म्हणाली. आम्ही बायकाही काही कमी नाही हट्टाला.

तो दिवस उजाडला तसा मावळायला आला. आबा ओट्यावर फुटका पाईप घेऊन बसले, टीव्हीकडे पाठ करून. त्या पाईपाला आधीच चार ठिगळं होती, पाचवं लावायला जागा नव्हती. मायने टीव्हीची दारं सरकवली. मुंग्या. मी छपरावर चढले आणि अँटेना फिरवायला लागले. इकडे सुरत, तिकडे सातपुडा, सगळीकडे फिरवून झाली.

"दिसस का?" मी वरून ओरडले.

"मुंग्याच दिसतस," माय खालून.

वरल्या आळीकडे पाहिलं तर छपराछपरावर पाईप उभे, घराघरात दिवे लागलेले. रडू आलं मला. खाली उतरू लागले तेवढ्यात मायचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे! तठेच ऱ्हाऊ दे! चित्र उनं!"

मी तर अँटेनाला हातही लावला नव्हता.

आणि मग वळणावरून माणसं येताना दिसली. आख्खी वरली आळी. पुढे वरली काकी, म्हणजे त्या वाकड्या चुलतभावाची बायको. फुईची ती लहानपणची मैत्रीण, दोघींनी एका उखळात कांडलेलं. तिच्या मागे बायका, पोरं, म्हातारे, आणि सगळ्यांत मागे, खाली मान घालून, खुद्द काका. तिला कोणी सांगितलं हे मायने मला मरेपर्यंत सांगितलं नाही. मामाच असणार, त्याच्या पोटात तीळ भिजत नसे.

काकी ओट्यापाशी उभी राहिली आणि आबांना म्हणाली, "आमनी आळीनी लाईट गयी. म्हनीसन तुमनाकडे दखाले उनूत."

अहो, आख्ख्या गावाची वीज एकाच डीपीवरून! तिच्या पाठीमागे तिच्या स्वतःच्या ओसरीतला बल्ब ढणढणा जळत होता, बंद होते ते फक्त बूस्टर. आबांनी मान वर केली. बल्बकडे पाहिलं. काकीकडे पाहिलं. काकाकडे पाहिलं. कोणी बारी मागितली नव्हती, कोणी मोडली नव्हती. कायद्याने विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"बठा," आबा म्हणाले.

अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. कार्यक्रम लागला. निवेदिका गोड गोड बोलली आणि मग पडद्यावर एक चष्मेवाली, अंबाड्यात फूल खोचलेली बाई आली. मी ओळखलंच नाही. माय पण डोळे बारीक करून बघत होती. मुंबईच्या पाण्याने फुई पार बदलली होती, बोलतही पुस्तकातलं होती, ज्वारी आंबवायची, दळायची, घाटा शिजवायचा. आबा अजून पाठमोरेच. हातातला पाईप हलत नव्हता, एवढंच.

मग कॅमेरा तिच्या हातांवर आला. ओल्या फडक्यावर तिने घाट्याचा गोळा ठेवला, हात पाण्यात बुडवला आणि थापायला लागली. सगळ्या टीव्हीभर तो डावा हात. चार बोटं सरळ आणि करंगळी बाहेर.

"करंगळी!" काकी किंचाळली. "दखा, करंगळी!"

आबा गर्रकन वळले. वळले ते तसेच राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि दुसरीकडे बघितलं, आपल्या बापाला असं पाहू नये असं वाटलं मला. निवेदिकेने विचारलं, "हे कोणाकडून शिकलात?" फुई म्हणाली, "माझ्या वहिनीकडून. आमच्या अंगणात." मायने पदर तोंडात कोंबला. कार्यक्रम संपला, पुढचा लागला, तोही संपला, तरी कोणी उठलं नाही. मायने सगळ्यांना चहा केला, साखर संपली तेव्हा गुळाचा केला.

दुसऱ्या दिवशी आबा धुतलेला सदरा घालून पारावर गेले. मी मागोमाग गेले, मला काय राहवतंय! बैठक वगैरे नव्हती, पण चेअरमन उभे राहिले म्हटल्यावर माणसं जमली.

"काल मन्ही बहीन टीव्हीवर उनी व्हती," ते म्हणाले. "तिले दखाले वरली आळीनी बारी मी लिधी. ती फेडनी पडी. आते मन्ही पाणीनी बारी तुमनी."

कोणी हसलं नाही. काकांनी नुसती मान हलवली. ऐन उन्हाळ्यात आमच्या केळीला पाणी गेलं नाही आणि पानं माना टाकून उभी राहिली. आबा त्या सुकलेल्या केळीत संध्याकाळी फिरत होते, आणि मी त्यांना शीळ घालताना प्रथमच ऐकलं.

पुढचं थोडंच आहे. मायने मामाला निरोप धाडला, मामाने मुंबईला. कापूस वेचणीला आला असताना फुई नवऱ्यासह नंदुरबारला रेल्वेने उतरली आणि एसटीने प्रकाशाला आली. आबा स्वतः बैलगाडी घेऊन स्टँडवर गेले होते. दारात माय तांब्या घेऊन उभी. काकी होती, वरली आळी होती. फुई ओटा चढली आणि उंबऱ्यापाशी थांबली. डाव्या हाताने चौकट धरली, पूर्वी धरली होती तशीच. पाय उचलेना तिचा.

आबा मागून तिची ट्रंक खांद्यावर घेऊन येत होते.

"उभी का ऱ्हायनी?" ते म्हणाले. "जाय मझार. तुन्ही बारी कधीनी उनी शे."